सातवी ओळ

बस, नियाज. एसीखाली नको, कागद उडतात.
बाहेर बेचाळीस आहे, आधी पाणी पी.

चौदा महिन्यांचा पगार अडकला तुझा,
म्हणून रोलाच्या चौकात ज्याने पहिलं कार्ड हातात ठेवलं
तोच वकील?
कार्डावर तराजू आहे, खरंय.
तराजू भाजीवाल्याकडेही असतो.

विचार त्याला, कोर्टात तुम्ही स्वतः उभे राहणार
की तुमच्या नावाने दुसराच कोणी?
फी किती, आणि त्या फीत काय काय बसत नाही,
भाषांतर, शिक्के, पुढचं अपील.
आकडा तोंडी नको, लिहून द्या म्हण.
‘शंभर टक्के जिंकू’ म्हणाला
तर चहा संपव आणि ऊठ.
दापोलीचा आहे, ओळखीतला आहे म्हणतोस?
ओळखीवर लग्नं जमतात रे.
पासपोर्टची झेरॉक्स दे फक्त.

आता हा वकालतनामा.
उजवीकडून डावीकडे असे दिवसाला तीस टाइप करतो मी,
शारजात पंधरावं वर्ष.
माझ्या खटल्यात सातव्या ओळीत एक शब्द होता, सुल्ह.
तडजोड.
मीच टाइप केला होता, ह्याच बोटांनी,
तेव्हा नुसती अक्षरं ओळखायचो.
वकिलाने माझ्या वतीने निम्म्यावर मिटवलं
आणि फोन करून म्हणाला, मुबारक हो.
मीही शुक्रिया म्हटलं त्याला.

पेन राहू दे खिशात.
सातवी ओळ वाचून दाखवतो, मोठ्याने,
मग मराठीत.
मागच्या माणसाला थांबू दे.