ओटी

टाकीवर चढायला अडतीस पायऱ्या.
सातवी हलते, ती सोडून चढायचं,
हे मला माझ्या आधीच्या शिपायानं सांगितलं.
बाकी काही सांगितलं नाही.

पन्नास हजार लिटरला अडीचशे ग्रॅम टीसीएल.
बादलीत कालवायची, अर्धा तास निवळू द्यायची,
वरची निवळी टाकीत, खालचा चुना फेकून.
मग गावातल्या शेवटच्या नळाचं पाणी नळीत धरायचं,
ओटीचे दोन थेंब.
पिवळं झालं तर पाणी चांगलं.
एवढंच माझं शास्त्र,
आणि त्याचं मानधन घरपट्टी गोळा झाली तर.

त्या मे महिन्यात पंचगंगा बंधाऱ्याला टेकून पडली होती
फेसाची वाकळ पांघरून.
मासे उलटे झाले. पोरांनी बुट्ट्या भरल्या.
ऑफिसातनं माणूस आला, बाटलीत नमुना घेऊन गेला.
नमुना अजून गेलेलाच आहे.

पंचायतीच्या कोपऱ्यात पावडरीचं पोतं,
तोंड उघडं, वर मागल्या दिवाळीचा आकाशकंदील.
ताजी पावडर डोळ्यांतनं पाणी काढते.
ही नाकाला लावली तरी गप्प.
ग्रामसेवकांना म्हटलं, साहेब, मेलीय ही.
म्हणाले, बाबासो, पांढरी हाय न्हवं? मग घाल.

घातली.
नळीत पाणी पाण्यासारखंच राहिलं.
मी रजिस्टरात लिहिलं: ओटी, पिवळी.
दुसऱ्या दिवशीही.
मग अंगवळणी पडलं. आठवड्याचं एकदम लिहायचो,
मधे मधे पेन बदलून.

त्याच आठवड्यात तात्यासोच्या घरी ओटीभरण.
वैजयंताला सातवा.
मागावरच्या बायका आल्या, केसांत कापूस तसाच.
हिरवी साडी, खण, नारळ, पाच फळं,
आणि तांब्यातनं सगळ्यांना पाणी,
मी सोडलेलं, सकाळी साडेसहाचं.
शालन आशा होती तिथं. गोळ्या मोजून दिल्या,
म्हणाली, पाणी उकळून पी गं बाई.
सासू म्हणाली, गॅस काय तुझा बा भरतोय?
सगळ्या हसल्या. शालनही.

जूनच्या शेवटी गावात पिवळं उतरलं.
आधी शाळेतली दोन पोरं, मग मागवाल्यांची गल्ली,
मग वैजयंताचे डोळे.
कावीळ उतरवणाऱ्यानं चुन्याच्या पाण्यात तिचे हात धुतले.
पाणी पिवळं झालं. म्हणाला, बघा, उतरली.

त्याचं पाणी होत होतं पिवळं.

सीपीआरमधे खाट नव्हती.
तात्यासो सलाईनची बाटली वर धरून उभा,
हात बदलत.
डॉक्टर कोवळी पोरगी, डोळे तांबारलेले.
तिनं विचारलं, पाणी कुठलं पिता?
तात्यासो म्हणाला,
नळाचं. चांगलं हाय मॅडम, रोज टेस्ट होती.

मी तिथंच होतो, जिन्यापाशी,
हातात त्यांच्या घरनं आणलेला डबा.

सवाष्ण गेली म्हणून
दारात तिची ओटी पुन्हा भरली.
तोच खण. बाळाचं कुणी काही बोललं नाही.

मग गाड्या आल्या, गोळ्या वाटल्या,
नवी पोती आली. तोंड सोडलं तर
डोळे भरभरून वाहिले माझे, पावडरीनं,
आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही.
मोठ्या साहेबांनी रजिस्टर चाळलं.
सगळीकडं पिवळी. अक्षर छान आहे, म्हणाले,
आणि सही केली.

पायरी अजून हलते.
शेवटचा नळ तात्यासोच्या दारातला.
रोज सकाळी मी तिथं उकिडवा बसतो,
दोन थेंब टाकतो, नळी उजेडाकडं धरतो.
हळदीसारखं पिवळं.
तो मागावरनं रातपाळी करून आलेला असतो,
उंबऱ्यात बूट काढत विचारतो,
हाय का?
हाय, म्हणतो मी.
तो नळीकडं बघत नाही.