पोत

कागद डोळ्यांनी निवडू नये, एनोरा.
डोळे मिट. अंगठा फिरव.

हा गुळगुळीत, जरा शिष्टच.
दोन थर घेतो, तिसऱ्याच्या तोंडावर दार लावतो.
हा जाळीचा. यावर माणसाच्या गालावरही
कौलांच्या ओळी उमटतात; चालत असेल तर घे.
हा मखमली, रंग पितो, परत देत नाही.
आणि पांढरा तर नकोच.
दुआर्ननेच्या समुद्रात पांढरं असं आहे काय?
करडा घे, भिजल्या पाटीसारखा.
अर्धं आभाळ त्यावर आधीच रंगवलेलं असतं.

तीस वर्षं हेच बोलत आलो गल्ल्याआडून.

ती ऐकते. नखानं कोपरा खरवडते.
मग पिशवीतून काढते
वापरलेला पॉलिशपेपर,
तळहाताएवढा, मधोमध झिजलेला.
"बाबांच्या शेडमधला. होडी घासायचे."
दाण्यांच्या फटींत अजून निळा,
मागल्या हिवाळ्यात विकलेल्या होडीचा.

मी अंगठा फिरवला.
कडेला करकरीत. मधे, जिथं त्यांची चार बोटं
दाबून बसायची, तिथं अगदी मऊ.
तिथं रंग धरणार नाही,
हे मला सांगायला हवं होतं.

"यावर काय टिकेल?" तिनं विचारलं.

मी खडूंचा खण उघडला.
विकलं काहीच नाही त्या दिवशी.
दिला फक्त एक गेरू, तुटका,
आणि दाखवलं,
मागून टिचकी मारून
जास्तीची भुकटी कशी झाडायची ते.