खापरीला दोन भोकं

चौलच्या वाडीत, पोफळींच्या मधोमध,
विसूभाऊ राऊतांनी आम्हाला दिली
तीन मीटर बाय तीन मीटर जागा
आणि ताकीद: मुळांना धक्का नको.
आम्ही दोन हजार वर्षं उतरलो
मुळांना धक्का न लावता.

वर दाढीचं ब्लेड, बांगडीकाच,
मग चिनी मातीची निळी नक्षी,
मग नुसती वाळू, हातभर, मुकी.
तिच्याखाली शहर लागलं.
शहर म्हणजे भाजलेल्या मातीची कडी,
एकावर एक बसवलेली.
विहीर की मोरी, यावर दोन दिवस वाद.

नथीबाई घरत खापऱ्या धुते.
जीभ लावून भाजणी ओळखायची, हे आमच्याकडून शिकली.
रेती कुठली, हे दाताखाली धरून सांगते,
ते आम्हाला अजून जमत नाही.
जाड कानाचा एक तुकडा तिने थुंकून बाजूला ठेवला.
"ही आपले खारीची माती नाय.
हिच्यान काला कायतरी चमकतं."

ज्वालामुखीची रेती, पश्चिमेकडची!
मला लगेच शिडं दिसली,
दारूचे रांजण, मिरीची पोती, जकातीवरून जुंपलेली भांडणं.
तिने तुकडा उलटा केला.
फुटीच्या कडेला दोन भोकं,
सामत्याने, घाई न करता पाडलेली.
"तार घालून शिवलाय. नवा घ्यायला पैसं नसतील.
मीठ ठेवत असंल कोनी. पानी काय ठरलं नसतं."

नोंदवहीत थर, खोली, रंग, जाडी.
शिवलेल्याला रकाना नाही.
शेऱ्यात लिहिलं, अक्षर बारीक करून.

शेवटच्या दिवशी अवस होती.
सकाळी कोरडा होता तळ;
बारा वाजता उधाण चढलं
आणि कड्यांतून पाणी वर आलं,
खाडी पाऊण कोस मागे सरून गेलेली,
तरी वेळेवर.

म्हणजे विहीरच, मी म्हटलं.
नथीबाईने बोट बुडवून चाटलं. मचूळ.
"व्हती इहीर. खारी झाली, मंग मोरी केली.
आमचे आजेसासूनं पन तेच केलं."

दोन दिवसांचा वाद, चार शब्दांत.
मी म्हटलं, अहवालात तुमचं नाव घालतो, तळटीपेत.
ती हात पुसत म्हणाली,
"मंगळवारची हजेरी अर्धी लावलीस,
ती पुरी कर आधी."