राईट क्लिक बंद

गोळीबार चौकात, दुपारी तीनला,
मी कुलरची टाकी दुसऱ्यांदा भरत होते
तेव्हा यादवराव हेडाऊ दुकानात आले.
डोक्याला दुपट्टा, हातात चिठ्ठी,
चिठ्ठीवर नातवाच्या अक्षरात पाच ओळींचा पत्ता,
मधे एकही मोकळी जागा नसलेला.
"ह्यातला फोटो काढून दे, पोरी.
मोबाईलात दिसते, पण ठेवता येऊन नाही राह्यला."

पान उघडलं. कुठलंसं परदेशी म्युझियम.
काचेमागे नऊवारी लुगडं, कुंकवाच्या डागासारखं जुनं लाल,
आणि खाली: सुती. नागपूर.
विणणारा: माहीत नाही.

"माहीत कसा नाही?
आमच्या बुढ्याचा काठ आहे तो."

राईट क्लिक केलं. काहीच नाही.
माउस मेला की काय म्हणून टेबलावर आपटला.
मग अख्खं पान सेव्ह केलं,
तर अक्षरं आली, जाहिरात आली,
लुगड्याच्या जागी फाटक्या कागदाचं चिन्ह.
तिसऱ्या वेळी सापडलं ते टिकलीएवढं,
तेही वेबपी, माझं जुनं फोटोशॉप त्याला दारात उभं करेना.
शेवटची अक्षरं हातानं बदलून पाहिली.
फसलं नाही.

स्क्रीनशॉट घेतला, रंगीत प्रिंट काढली.
यादवरावांनी चष्मा कपाळावर चढवला,
कागद नाकाशी नेला.
"धागे कुठी आहेत याच्यातले?"

तेवढ्यात लाईन गेली.
यूपीएस केकाटत राहिला, कुलरचं पातं हळूहळू थांबलं,
आणि घाम पुसत ते सांगत राहिले
की मागाचा खड्डा सुनेनं बुजवला, बरंच केलं,
आता तिथं वॉशिंग मशीन आहे,
फक्त ती फिरायला लागली की
त्यांचे पाय पलंगावर आपोआप हलतात.

लाईन आली. मी पानाच्या पोटात शिरले.
तिथं कळलं: ते चित्र एक नव्हतंच.
चौकोनी तुकडे, आडवे बारा, उभे आठ.
ज्याच्यावर नजर जाईल तेवढेच पाठवतात.

एकेक उतरवला.
सगळ्यांचं नाव डाउनलोड,
डाउनलोड एक, डाउनलोड दोन, डाउनलोड सत्तावीस,
आणि कुठला कुठे बसतो, देव जाणे.
"असं नाही बाप्पा," यादवराव स्टूल ओढून बसले,
"पयले ताणा मांड. रांग लाव. मंग भर."

रांगा लावल्या. भरत गेले.
ते पडद्याला बोट न लावता बोट फिरवत होते.
"इथं धागा घसरला."
मोठं करून पाहिलं. एका ठिपक्यानं घसरला होता.

पाचव्या रांगेतला नववा तुकडा आलाच नाही.
कॅशे पुसली, ब्राउझर बदलला,
माझ्या मोबाईलचं नेट दिलं.
प्रत्येक वेळी राखाडी चौकोन.
त्यांच्याकडूनच तुटला असेल, मी म्हटलं.
"राहू दे."

फाईलला नाव काय देऊ?
"गोमाजी हेडाऊ."
मराठीत टाईप केलं, पेन ड्राइव्हवर टाकलं,
प्लॉटरच्या मशीनला लावलं,
आणि नावाच्या जागी एका ओळीत
दहा-बारा प्रश्नचिन्हं.
मी घाईघाईनं इंग्रजीत बदललं.
त्यांनी पाहिलं होतं.

तीन फूट प्रिंट. फ्लेक्सचा नको, कागदाचाच.
फोटोचे पैसे किती, रांगा लावण्याचे किती,
मला धड ठरवता येईना; म्हटलं ऐंशी द्या.
त्यांनी शंभर ठेवले, वीस मागून घेतले,
काउंटरवरची माझी पेन्सिल उचलली
आणि राखाडी चौकोनात, उभ्याउभ्या,
तीन टिंबं, एक रेघ,
परत तीन टिंबं.

मग थांबले.
पेन्सिल हवेतच.
"चार होते का?" त्यांनी मला विचारलं.