वखारीची वही

वडील गेले तेव्हा पेटीत दोन वस्तू निघाल्या:
लाकडाच्या वखारीची लांबट लाल वही
आणि गाठी मारलेली सुताची दोरी.
दर वितीला एक गाठ.
पाचव्या गाठीजवळ सूत काळं पडलेलं,
तिथे त्यांचा अंगठा असायचा.

चोपड्याच्या वखारीत ते मुनशी होते, एकोणतीस वर्षं.
सातपुड्यातून ट्रक उतरायचे रात्रीचे
आणि सकाळी माझ्या बापाच्या अक्षरात
जंगल ओळीने उभं राहायचं:
साग, घेर चार फूट, सरळ.
साग, घेर साडेपाच, एक गाठ.
अंजन, घेर साडेनऊ, आतून तांबडा, करवतीचे दोन दात गेले.

शेवटच्या पानांकडे घेर उतरत जातो.
तीन फूट. दोन.
मग नुसतं, बल्ल्या, नग साठ.
अक्षर मात्र तसंच, वळणदार.
हात कुठे थरथरलेला दिसला नाही.
मी शोधलं.

ग्रामसभेत ती वही वाचायला घेतली.
मे महिना. पंखा फिरत होता, वारा त्याच्याकडे नव्हता.
विषय टँकरचा होता. मी म्हटलं,
हेही पाण्याचंच आहे.
दुसऱ्या पानावर मागून आवाज आला,
"कसाले वाची ऱ्हायना रे भो हाई?"
तिसऱ्या पानावर खेमचंद उभा राहिला,
"तो साडेपाचवाला आमना घरना सर शे."
मग कोणी म्हणालं शाळेचं दार,
कोणी गाडीची साटी, कोणी लग्नातला पलंग.
हिशोब जुळत गेला
तशी सभा गप्प होत गेली.
चोर बाहेरगावचा निघाला असता तर बरं झालं असतं.

बोअरवाला नामदार तडवी भिंतीला टेकून होता.
खिशातून त्याने आपली डायरी काढली,
"तू साल सांग, मी फूट सांगतो."
एकोणऐंशी?
"तव्हा बोअर कुठली, बाप विहिरी खोदायचा. चाळीस."
नव्व्याण्णव?
"दोनशे दहा."
वही तिथे संपली होती.
तो बोलत राहिला.
चारशे. साडेपाचशे.
परवा केळीच्या बागेत सातशे ऐंशी,
नुसता भुरका उडाला.

दारात भुरीबाई पावरा उभी होती,
पाड्यावरून रेशनला उतरलेली.
"तो अंजन परत वाच."
वाचला.
"नाल्यावरचा. माझी आई त्याचा पाला काढायची शेळ्यांना.
तो गेला, मग त्याच्या बाजूचे गेले,
मग दोन पावसांत टेकडीची माती गेली.
तुमच्या बंधाऱ्यात पाणी मावत नाही म्हणता ना?
तिथं आमचं रान बसलंय."
एवढं बोलून ती तांदळाच्या रांगेत गेली, नंबर जाईल म्हणून.

ठराव काही झाला नाही.
बाहेर येऊन, काय करावं ते न सुचून,
मी शिपायाकडे चुना मागितला.
बारा गाठी मोजल्या, वर आठ बोटं,
दोरीची टोकं जुळवली
आणि पंचायतीपुढच्या काँक्रीटवर एक गोल काढला.
पोरं धावत आली.
सहा जणं आत मावली, एकमेकांचे खांदे धरून.
त्यातल्या धाकटीने वर पाहिलं.
वर पंचेचाळीस अंशांचं आभाळ होतं, दुसरं काही नाही.
"आणि सावली केवढी होती?"

दोरी तेवढी लांब नव्हती.

त्यानंतर गोल वाढले.
बसस्टँडवर, डेअरीपुढे, देवळाच्या पायरीशी,
एक सरपंचाच्या ओट्याखाली, तो त्याने धुवून काढला.
तीनशे बाराला चुना संपला.
वहीत अजून चार हजार आहेत.
ट्रॅक्टर त्यांच्यावरून जातात, कडा पुसतात,
पोरं पुन्हा गिरवतात, वेडीवाकडी.

पण परवा पहाटे खेमचंद डेअरीकडे निघाला होता,
हातात किटली, डोळ्यांवर झोप,
आणि गोल आला तसा
न बघताच
वळसा घालून गेला.