अनईझी

फळ्यावर शब्द लिहिला आणि म्हटलं, वाक्यात वापरा.
उद्यमनगर, सात ते आठची बॅच,
खाली मोटर रिवाइंडिंगचं दुकान,
वार्निशचा वास जिन्यानं वर येतो.
जुलैचा तिसरा आठवडा.
सगळ्यांच्या छत्र्या एका बादलीत उभ्या.

अर्थ मीच सांगितला होता : अस्वस्थ.
छापील अर्थ. इस्त्रीचा.
आमच्याकडं कोण अस्वस्थ असतं?
आमच्याकडं जीव खालवर होतो,
पोटात कालवतं,
घास तोंडातच फिरत राहतो,
आणि कुणी विचारलंच तर, काय न्हाई, असंच.

पूर्वानं लिहिलं, मॅथ्सचा पेपर व्हेरी अनईझी होता.
ईझी म्हणजे सोपं. अन लावला, सोपं नाही.
हिशेब बरोबर, वाक्य चूक.
मी लाल पेन उघडलं.
तिची दुसरी ओळ होती :
माय फादर इज अनईझी.
टोपण परत लावलं.

आयूब शिकलगार म्हणाला, द स्पिंडल इज अनईझी.
म्हटलं, मशीनला नाही वापरत हा शब्द.
"मॅडम, आवाज सुटल्यावर कुणालाबी कळतंय.
बेअरिंग जायच्या आदी दोन दिवस
हाताला कळतंय. हात नुसता ठिवायचा."
आणि त्यानं तळवा बाकावर ठेवला.
आम्ही सगळे उगाच गप्प झालो,
बाकातून काही ऐकू येणार असल्यासारखे.

पद्मावती मगदूम, सीपीआरला नर्स, नाइट करून आलेली :
द पेशंट सेड आय ॲम फाइन.
आय वॉज अनईझी.
पैकीच्या पैकी.
पुढं काय झालं, विचारलं नाही.

बाळासो चौगुले शेवटच्या बाकावर. चिखलीचे.
पन्नाशीत इंग्रजी कशाला, कधी सांगितलं नाही,
मीही फी घेतली आणि गप्प बसले.
आज मांडीवर मोबाइल, दर पाच मिनिटांनी अंगठा.
उभे राहिले, शाळेत राहतात तसे,
हात मागं बांधून :
"वॉटर इज थर्टी नाइन फीट."

म्हटलं, छान. पण शब्द कुठाय वाक्यात?
"ह्यातच हाय की मॅडम."

कुणी हसलं नाही.
राजाराम बंधाऱ्याचा आकडा
इथं पाढ्यांसारखा पाठ असतो.
एकोणचाळीस म्हणजे इशारा,
त्रेचाळीस म्हणजे धोका,
मधल्या चार फुटांना
ना मराठीत नाव आहे ना इंग्रजीत.
त्या चार फुटांत बाळासोंच्या तीन म्हशी,
एक गाभण,
आणि सोनतळीला न्यायला टेम्पो मिळेल का, हा फोन,
जो व्यस्त लागत होता.
ते आठच्या आधीच उठले. बादलीतून छत्री काढताना
दुसऱ्या चार पडल्या, त्या नीट लावून गेले.

रात्री वह्या तपासल्या.
बाळासोंच्या वाक्याला व्याकरणात चूक नव्हती.
शब्द नव्हता, म्हणून अर्धा मार्क कापला,
मग तो खोडला,
मग खोडलेलं बरं दिसेना म्हणून पानच दुमडलं.

शाहूपुरी सहावी गल्ली, तळमजला.
एकोणीस सालची पाण्याची रेघ
दोनदा रंग देऊनही
सोफ्यामागं उमटतेच, माझ्या खांद्याइतकी.
मी रोज तिला टेकून चहा पिते.
शिकवते तशी बोलते मी, स्पष्ट, शेवटचं अक्षर न गिळता.
शेजारच्या काकूंनी विचारलं, सामान वर चढवलं का,
तर म्हटलं, अजून वेळ आहे.

अडीचला जाग आली. कशानं, माहीत नाही.
पाऊस तर थांबला होता.
मोबाइल चाचपला.
अंधारात मोठ्यानं वाचलं, सवयीनं इंग्रजीत,
फॉर्टी फीट एट इंचेस.
क्रियापद नाही, कर्ता नाही.

उठून दिवा लावला,
आणि रेघेच्या वर, कपाटाच्या माथ्यावर,
आधी वह्या ठेवल्या.