मात्रा

सादू नदीच्या मुखावर एकतीस वर्षं
फेरीबोट हाकली कुस्तोदियोने.
अजून वहीत नोंदी करतो, जुन्याच सवयीने :
तारीख, वेळ, वारा.

आलं झालं, मध झाला,
रविवारच्या बाजारातली बिनलेबलाची बाटली झाली.
कशाचीच मात्रा चालेना.
मग डॉक्टर कितेरिया. त्या म्हणाल्या, लिहीत जा,
किती घेतली, पोटात काय होतं, पुढे काय झालं.
छातीत दुखतं? नायट्रेट घेता? नाही ना?
मग पंचवीसपासून बघू.
तो म्हणाला, बाई, भरतीचं वेळापत्रक तरी छापून येतं.

मंगळवार. पंचवीस. रात्री साडेदहा.
जेवण : तळलेलं माकुल, दोन ग्लास वाइन.
वारा पडलेला.

शनिवार. पंचवीस. जेवण तेच.
पाणी सपाट. देओलिंदा झोपली.
(सोंग. मला कळतं.)

गुरुवार. चार गोळ्या एकदम.
डॉक्टरांना विचारलं नाही.
डोक्यात घण. नाक चोंदलं.
स्वयंपाकघरातला दिवा निळसर,
दिव्याखाली ती, तीही निळसर.
बोट सुटली, पण खलाशीच आजारी.

वही मोज्यांच्या खणात सापडली तिला.
बावीस वर्षं तिने सार्डिन डब्यात भरले,
तराजूकडे न बघता, ग्रॅमाचाही फरक नाही.
वाचली. मिटली.
सकाळी त्याच्याआधी कोट घालून दारात उभी.

दवाखान्यात पुढची खुर्ची तिनेच घेतली.
त्या तळणाचं काय ते सांगा आधी.
डॉक्टर हसल्या. तेलकटावर गोळी उशिरा लागू पडते.
आता पन्नास. हलक्या पोटी. तासभर आधी.
आणि असे चौकार पुन्हा मारू नका.
मग चष्मा काढून म्हणाल्या,
गोळी एकटी काही करत नाही हं.

पण त्या तासाचं करायचं काय
हे कुठल्या पाकिटावर छापलेलं नव्हतं.
पहिल्या खेपेला दोघं पलंगाच्या काठावर,
गुडघ्यांवर हात,
शेवटची फेरी चुकलेल्या उतारूंसारखी.

दुसऱ्या खेपेला तिने सोलायला शेंगा आणल्या.
सोलता सोलता तो बोलला,
धुक्याच्या रात्री बोट वाळूत रुतवलेली
ऐंशी माणसांसकट. रजिस्टरात लिहिलं, इंजिन बिघडलं.
ती बोलली, नेलिन्यो झाल्यावर चार वर्षं
तुला रात्रपाळीच मिळावी म्हणून मेणबत्ती लावायचे.
तो थांबला. एक दाणा टेबलाखाली गेला.
दोघं वाकली शोधायला,
आणि तास कधीच उलटून गेला होता.

वहीतली शेवटची नोंद :
शुक्रवार. पन्नास. नुसतं सूप.
नैर्ऋत्येचा वारा, मध्यम.

त्याखाली तिचं तिरकं, मोठं अक्षर :
मध्यम नाही, चांगला होता.
शेंगा संपल्या. उद्या वाटाणे आण.